चिरबोटी, रसभरी आणि टोमॅटिलो : झाड दर्यावरून येतं, पीक घरात होतं



या महिन्यात चार-पाच जणांनी एकच गोष्ट विचारली. ग्राउंड चेरीचं बी कुठे मिळेल? टोमॅटिलो आपल्या कोकणात होईल का? मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रश्न येतात. पाकिटात मोजून पंधरा-वीस बिया, वर रंगीत चित्र, आणि किंमत अशी की तेवढ्यात मिरचीची अख्खी वाफ भरेल.

लावू नका असं मी म्हणत नाही. लावा. पण आधी गडग्याच्या कडेला जाऊन बघा. पावसाळा ओसरताना तिथं गुडघाभर उंचीचं एक झाड असतं. पिवळट फूल, आणि कागदी कंदिलासारखी लोंबणारी हिरवी फुगी. आतमध्ये वाटाण्याएवढं फळ. पोरं ती फुगी कपाळावर आपटून फट्ट करून फोडतात. हीच चिरबोटी. कुणी रानपोपटी म्हणतं, कुणी नुसती पोपटी. (रायगडवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये, त्यांची वालाच्या शेंगांची मडक्यातली पोपटी वेगळी.) तुम्ही पैसे देऊन मागवताय ती ग्राउंड चेरी हिची सख्खी चुलत बहीण आहे. एक बहीण आपण बेणताना उपटून टाकतो आणि दुसरी पाकिटातून मागवतो. असं का झालं, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि आपल्या कामाचाही आहे. म्हणून आज लागवडीच्या आधी तो लिहितो. लागवडीचं शेवटी आहेच.

भावंडं कोणकोण

शास्त्रीय भाषेत या सगळ्या कुळीला फायसॅलिस म्हणतात. ग्रीक भाषेत फायसा म्हणजे फुगा. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, धोतरा, अश्वगंधा हे सगळे हिचे नातेवाईक. खूण एकच. फूल गळल्यावर त्याच्या बुडाची हिरवी वाटी वाढत जाते आणि फळाला पिशवीसारखी झाकते.

आपल्याला चार नावं पुरे.

एक, चिरबोटी. आपल्याकडचं तण. पुस्तकात हिला फायसॅलिस मिनिमा किंवा अँग्युलाटा म्हणतात. या दोन जाती की एकच, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

दोन, रसभरी. इंग्रजीत केप गूसबेरी. मुंबईच्या जुन्या लोकांच्या तोंडी टिपारी. फळ नारिंगी, करवंदापेक्षा थोडं मोठं, आंबटगोड. उत्तर प्रदेश-बिहारात हिची शेती होते.

तीन, ग्राउंड चेरी. उत्तर अमेरिकेतली. फळ लहान, पिवळं, गोड. पिकलं की आपोआप जमिनीवर पडतं म्हणून तसं नाव.

चार, टोमॅटिलो. मेक्सिकोतला. फळ हिरवं आणि मोठं, लिंबाएवढं किंवा त्याहून मोठं. फुगी भरून फाटते. खायला आंबट. तिकडची हिरवी चटणी याचीच.

बी मागवताना नावांनी फसू नका. रसभरी म्हणजे रास्पबेरी नव्हे. केप गूसबेरीचा इंग्लंडातल्या गूसबेरीशी संबंध नाही, आणि आवळ्याला इंग्रजीत इंडियन गूसबेरी म्हणतात त्याच्याशीही नाही. ग्राउंड चेरीचा चेरीशी काही संबंध नाही.

मूळ गाव

फायसॅलिसच्या जाती ७५ ते ९० च्या घरात धरतात. जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडातल्या, त्यातही मेक्सिकोत सर्वांत जास्त. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, दगडात ठसा उमटलेली फुगीसकट फळं सापडली. वय ५ कोटी २० लाख वर्षं. २०१७ साली 'सायन्स' या मासिकात ते संशोधन छापून आलं. म्हणजे हा कागदी कंदील माणसाच्या कितीतरी आधीचा आहे.

माणसानं हिला घरात घेतलं ते मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेत 'टोमाट्ल' म्हणजे असं रसाळ, गोल फळ. आपण ज्याला टोमॅटो म्हणतो त्या लाल फळाला ते 'शिटोमाट्ल' म्हणायचे. स्पॅनिश लोकांनी तिथं राज्य घेतल्यावर सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या पाद्र्यानं तिथल्या लोकांकडून ऐकून मोठा ग्रंथ लिहून घेतला. त्यात बाजारात टोमॅटो विकणाऱ्याचं वर्णन आहे आणि तो नाना तऱ्हेचे टोमॅटो विकतो. आजही मध्य मेक्सिकोत नुसतं 'तोमाते' म्हटलं तर हिरवा फुगीतला टोमॅटिलो हातात देतात. लाल हवा असेल तर 'हितोमाते' म्हणावं लागतं. म्हणजे टोमॅटो हे नाव आधी फुगीवाल्याचंही होतं. लाल भावानं जगभर फिरून ते आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतलं.

तेरेखोलच्या पलीकडे

आता आपल्या दाराशी येऊ. आरोंदा तेरेखोल नदीच्या काठावर. पलीकडे पेडणे तालुका, गोवा. पोर्तुगिजांनी गोवा बेट घेतलं १५१० साली, पण आपल्या समोरचा किनारा तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा. तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. पेडणे त्यांच्याकडे गेलं १७८८ मध्ये. तिथून १९६१ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. हद्दीवर माणसाला अडवता येतं, मालाला जकात लागते. बियांना कोण अडवणार? चिखलाला चिकटून, धान्यात मिसळून, पक्ष्याच्या पोटातून बी कधी अलीकडे येतं ते नाकेदारालाही कळत नाही.

पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेची झाडं गोव्यात उतरली हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. काजू, अननस, पपई, बटाटा, तंबाखू, मिरची. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. त्यानं इथल्या औषधी आणि फळांवर पुस्तक लिहिलं आणि ते गोव्यातच १५६३ साली छापलं. त्यात आंबा आहे, फणस आहे, काजूचं प्रकरण नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाओ द कोस्ताचं पुस्तक आलं. त्यात कोचीनच्या बागेतला काजू आहे. पण दर्यावरून आलेली सगळीच झाडं अशी कुणाच्या पुस्तकात नोंदली गेली नाहीत.

मग चिरबोटी? तिची नोंद डचांच्या काळात सापडते. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ॲमस्टरडॅममध्ये तो १६७८ ते १६९३ या काळात छापला. सातशेहून जास्त झाडं, प्रत्येकाचं चित्र. झाडांची माहिती सांगणाऱ्यांत मुख्य होते मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन. आणि आपल्या लोकांनी अभिमानानं सांगावी अशी गोष्ट म्हणजे त्यांच्यासोबत तीन कोंकणी वैद्य होते. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. गोव्यातून कोचीनला गेलेल्या समाजातले. त्यांनी १६७५ मध्ये कोंकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला त्या ग्रंथात छापलेला आहे.

या ग्रंथात चिरबोटीच्या जातीचं झाड आहे. मलबारी नाव 'इनोटा-इनोडियन' असं छापलंय. केरळात आजही तिला 'ञोट्टाञोडियन' म्हणतात. तेच नाव, सव्वातीनशे वर्षांनंतरही. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसनं सगळ्या झाडांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा या झाडाचं घर त्यानं भारत असंच लिहिलं. बरीच वर्षं आपल्याकडच्या पुस्तकांतही ते देशी तण म्हणूनच धरलं जायचं. सगळं गोत अमेरिकेत असल्यामुळे हेही तिकडूनच आलं असावं, असा आज शास्त्रज्ञांचा कल आहे.

इथं मला एक गोष्ट लक्षात येते, ती शेतकरी म्हणून सांगतो. नावं बघा. काजू, अननस, पपई, बटाटा, तंबाखू, ही नावं झाडासोबत जहाजातून आली. कारण ती झाडं माणसानं मुद्दाम आणली, आणणाऱ्यानं नाव सांगितलं, घेणाऱ्यानं ते घेतलं. चिरबोटी, रानपोपटी, ञोट्टाञोडियन ही नावं मात्र इथली आहेत. तिला कुणी आणलीच नाही. ती लपून आली. कुणी ओळख करून दिली नाही, म्हणून इथल्या लोकांनी आणि पोरांनी आपल्याच भाषेत नाव ठेवलं. अपवाद आहेत, मिरचीला आपण मिरीच्या नावावरून नाव दिलं. पण एकंदरीत हिशोब असा लागतो की परदेशी नाव असलेलं झाड पाहुणा म्हणून आलं आणि देशी नाव असलेली चिरबोटी वाटसरू म्हणून. पाहुण्याला आपण परसात जागा दिली. वाटसरू गडग्याच्या कडेलाच राहिला.

रसभरीचा फेरा

रसभरी दुसऱ्या वाटेनं आली. मूळ गाव पेरू-चिलीचा डोंगराळ भाग. लिनिअसनं १७६३ मध्ये तिचं नावच पेरुवियाना ठेवलं. इंग्लंडात ती १७७४ ला पोचली. तिथून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला. तिथल्या वसाहतवाल्यांनी १८०७ च्या आधीपासून तिची लागवड केली आणि म्हणून ती 'केप'ची गूसबेरी झाली. केपवरून ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या पहिल्या वसाहतीत ताजी फळं फार थोडी, त्यात ही एक होती. हवाई बेटांवर १८२५ च्या आधी पोचली आणि तिकडे तिला 'पोहा' म्हणू लागले. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत ती बागांतून इतकी रुळली की १८८६ साली छापलेल्या 'हॉबसन-जॉबसन' या शब्दकोशात 'टिपारी' हा शब्द वेगळी नोंद म्हणून आहे.

म्हणजे जन्म पेरूत, नाव केपचं, आडनाव गूसबेरीचं, आणि हल्ली बाजारात 'विदेशी फळ' म्हणून केकवर ठेवायला. आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ राहूनही ती विदेशीच. याचं कारण बियाणं. कोकणात घराघरातून तिचं बी ठेवायची चाल पडली नाही. काजूचं बी कुणी विकत आणलं नव्हतं, ते परसात होतं.

टोमॅटिलो का राहिला नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकला. टोमॅटो आणि टोमॅटिलो एका बाजारातले, एका टोपलीतले. लाल भाऊ जगभर गेला. हिरवा भाऊ मेक्सिको आणि आजूबाजूला राहिला. का?

चवीचं कारण सांगतात, असेल. पण एक कारण शेतातलं आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. एकच रोप जगलं तरी त्याला टोमॅटो लागतात आणि बी मिळतं. टोमॅटिलोचं तसं नाही. त्याचं फूल स्वतःच्या झाडाचा पराग घेतच नाही. के. के. पांडे या आपल्या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये या गुणाच्या वारशावर संशोधन छापलं, ते आजही दाखला म्हणून देतात. दोन वेगळी झाडं जवळ पाहिजेत आणि मधमाशी पाहिजे. आता विचार करा. सहा महिन्यांचा दर्या, ओलसर पेटी, बुरशी लागलेलं बी. दहा पेरली, एकच रोप जगलं. टोमॅटोचं असेल तर पुढच्या वर्षी शंभर रोपं. टोमॅटिलोचं असेल तर भरपूर फुलं, रिकाम्या फुग्या, आणि वंश संपला. हा माझा तर्क आहे, पण झाडाचा स्वभाव बघता पटण्यासारखा आहे. आजही परसात हौसेनं एकच रोप लावणाऱ्याला तो फुलोरा दाखवून फळाला फसवतो.

मग पीक कोण करतं?

झाड आलं म्हणून पीक होत नाही. काजू घ्या. सोळाव्या शतकात आला, पण चारशे वर्षं तो कातळावर, वईच्या कडेला, देवाच्या भरवशावर होता. १९५७ साली वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या लोकांनी गावोगावची झाडं पारखली. जवळच्याच अणसूरच्या निवडीतून वेंगुर्ला-१ ही जात १९७४ मध्ये दिली, संकरातून वेंगुर्ला-४ ही १९८१ मध्ये. मग कलमं आली आणि जिल्हा काजूचा झाला. पण ध्यानात घ्या, केंद्राला निवडायला झाड मिळालं ते कुणाच्या तरी जमिनीत पिढ्यान् पिढ्या उभं होतं म्हणून.

दुसरं उदाहरण उलटं. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. तेही अमेरिकेचंच. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आज कुठे नाही ते सांगा. न विचारता आलेली सगळीच झाडं चिरबोटीसारखी गरीब नसतात.

तिसरं ताजं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या दोन संशोधन संस्थांनी २०१८ मध्ये ग्राउंड चेरीच्या जनुकांत बदल करून दाखवला. झाड आटोपशीर, फुलं-फळं जवळजवळ, फळ थोडं मोठं. टोमॅटोच्या शेतीत शेकडो वर्षांत माणसानं जे निवडलं तेच बदल थोडक्या काळात. शास्त्रज्ञांनी हेच झाड का निवडलं? कारण पसरट वाढ आणि आपोआप गळणारी फळं या दोनच खोडी काढल्या की ते पीक होण्यासारखं आहे. तेच काम आपण सावकाश करू शकतो. दरवर्षी सगळ्यात सरळ वाढलेलं, मोठ्या फळाचं, निरोगी झाड खुणा करून ठेवायचं आणि बी त्याचंच धरायचं. अकोल्याच्या (नगर जिल्हा) राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, घरात बी जपण्यासाठी.

आता घरच्या घरी बी ते फळ

आपल्या भागापुरतं लिहितो. आमच्याकडे खाडीचा वारा, जांभी माती, आणि चार महिने धो-धो पाऊस. देशावरच्या मित्रांनी आपापल्या हवेप्रमाणे फरक करावा.

वेळ : रोप चतुर्थीनंतर टाका, लावणी दसऱ्याच्या पुढेमागे, पाऊस सरल्यावर. भर पावसात या कुळीची मुळं कुजतात. रसभरीला थंडी मानवते, फळ माघ-फाल्गुनात येतं. उन्हाळा तापला की फूल धरत नाही, म्हणून तिचं रोप सगळ्यात आधी टाका.

बी : बी अगदी बारीक, वांग्याच्या बीपेक्षाही. खोल पेरू नका. चाळलेली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत अर्धंअर्धं, वर बी भुरभुरून त्यावर चिमूटभर माती. पाणी झारीनं, नाहीतर बी एका कोपऱ्यात वाहून जमतं. टोमॅटिलो आठवड्याभरात उगवतो. रसभरीला दहा ते पंधरा दिवस लागतात, धीर सोडू नका. मुंग्या बी नेतात, वाफ्याभोवती राखेची रेघ ओढा.

लावणी : रोप बोटभर जाड देठाचं होण्याची वाट बघू नका, चार ते सहा आठवड्यांचं झालं की लावा. अंतर दोन ते अडीच फूट. रसभरी आणि टोमॅटिलो पसरतात, काठीचा आधार द्या. टोमॅटिलोची रोपं दोन तरी पाहिजेतच, चार-पाच असतील तर उत्तम. फुलोऱ्यात फवारणी टाळा, मधमाशी हवी.

खत : शेणखत बेताचं. युरिया मारला तर झाड हत्तीसारखं होतं आणि फळ मिळत नाही.

जागा : हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या कोकणात वांगी-टोमॅटो-मिरचीला जिवाणूजन्य मर लागते. हिरवं झाड दोन दिवसांत माना टाकतं. हीच मर या भावंडांनाही लागू शकते. वांगी-टोमॅटोच्या जुन्या वाफ्यात ही लावू नका. वायंगणी भाताच्या किंवा कुळीथ-चवळीच्या जागेत लावली तर बरं.

कीड : पानं जाळीसारखी खाणारे ठिपक्यांचे भुंगे आणि फळात शिरणारी अळी. भुंग्यांची पिवळी अंडी पानाच्या खालच्या अंगाला असतात, सकाळी हातानं चिरडा. मिरची-टोमॅटोचे विषाणू या कुळीत मुक्काम करतात. पानं आकसलेली, चट्ट्यापट्ट्याची दिसली तर झाड उपटा. मिरचीच्या शेतातली चिरबोटीही याच कारणासाठी काढावी. गडग्याकडची राहू द्या.

काढणी : रसभरी आणि ग्राउंड चेरीची फुगी वाळून पिवळट-तपकिरी झाली आणि फळ हात लावताच गळलं की तयार. खाली जुनी साडी अंथरा, वेचायला सोपं. फुगीसकट ठेवलं तर दोन-तीन आठवडे सहज टिकतं, रसभरी त्याहून जास्त. टोमॅटिलो मात्र हिरवाच, फुगी भरून फाटायला लागली की काढायचा. वरचा चिकटपणा धुवायचा. खोबरं-मिरची घालून चटणी करा, आंबट वेगळं लागत नाही.

खाण्याची खबरदारी : रसभरी, ग्राउंड चेरी, चिरबोटीचं कच्चं फळ खाऊ नये. पानं, देठ, फुगी तर कशाचीच नाही. पोरांना हे नीट सांगा. अश्वगंधेलाही अशीच लहान फुगी येते, पण आतलं फळ लाल असतं. ओळख पक्की असल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालू नये.

बी धरणं : चांगल्या झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ पाण्यात कुस्करा. एका फळात शंभरावर बिया असतात. भरीव बी तळाला बसतं, पोकळ बी आणि गर वर तरंगतो, तो ओता. चार-पाच वेळा धुऊन बी सावलीत वाळवा. कागदावर चिकटतं, म्हणून थाळीत वाळवा. कोरड्या राखेत मिसळून बाटलीत ठेवा, वर नाव आणि साल लिहा. पुढच्या वर्षी पाकीट लागणार नाही. टोमॅटिलोचं बी मात्र एका फळाचं धरू नका, तीन-चार झाडांचं मिसळून धरा, नाहीतर पुढच्या पिढीत जोड जमत नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं, छापील पाकिटात विकता येत नाही. तेव्हा बी देताना-घेताना भिऊ नका.

पण मुलगा-भाचा परदेशात असेल आणि "येताना दोन बिया खिशात टाकून आण" असं सांगत असाल तर थांबा. परदेशी बियाण्यावर २००३ चा विलगीकरण आदेश लागू आहे, परवान्याशिवाय आणता येत नाही. गाजर गवत आठवा. देशात ही सगळी बियाणी मिळतात.

चिरबोटी तीनशे-चारशे वर्षं आपल्या गडग्याला टेकून उभी आहे. खत मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. तिला कुणी निवडली नाही म्हणून ती तण. तिच्या बहिणीला मेक्सिकोतल्या बायामाणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडली म्हणून ती पीक. दोघींतलं अंतर एवढंच आहे. यंदा पाकिटाची हौस करा, पण माघात एक बाटली बियांची भरून ठेवा. आणि एक वाफा चिरबोटीचाही करून बघा. गोड फळाचं झाड दिसलं तर त्याला चिंधी बांधा, उपटू नका.

तुमच्या गावात हिला काय म्हणतात ते जरूर लिहा. नाव, गाव आणि तालुका. नावं गोळा झाली तर वाटसरू कुठून कुठे गेला त्याचाही माग लागेल. रसभरीचं थोडं बी यंदा धरणार आहे. कुणाला हवं असेल तर मार्चनंतर सांगा. बदल्यात तुमच्याकडचं कसलंही गावठी बी चालेल.